दाणा आणि लाकूड

व्हिस्कीचं वय बाटलीत वाढत नाही. पिंपातून काढून बाटलीत भरली आणि बूच लागलं, की तिथेच ते थांबतं. पंधरा वर्षांची राय व्हिस्की कपाटात आणखी वीस वर्षं पडून राहिली तरी पंधराचीच राहते. बाटलीवरचा आकडा सांगतो ते एवढंच, की हा द्रव ओकच्या लाकडात किती काळ होता. त्या काळात त्याचं भलं झालं की बुरं, याबद्दल आकडा गप्प असतो. तरीही दुकानात आपली नजर आधी त्या आकड्याकडे जाते, मग किमतीकडे, आणि दोन्ही मोठे असले की बाटली उचलणारा हात आपोआप अदबीने पुढे होतो. ही अदब कितपत खरी, हे तपासून पाहण्याची मला खोड आहे.

मी राहतो ते पिट्सबर्ग हा राय व्हिस्कीचा मूळ मुलूख. शहराच्या मध्यावर मोनोंगहेला आणि अ‍ॅलेघेनी या दोन नद्या मिळतात आणि तिथून ओहायो सुरू होते. त्यातल्या मोनोंगहेलाच्या खोऱ्याचं नाव एके काळी अमेरिकेतल्या सगळ्यांत नावाजलेल्या रायला होतं. पुढे याच खोऱ्यात पोलादाचे कारखाने आले, आणि ही नदी लोकांना धुरासाठी जास्त माहीत झाली.

राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य, पण गव्हाचे लाड त्याला लागत नाहीत. रेताड, निकस जमीन त्याला चालते. शरद ऋतूत पेरलेली रोपं अख्खा हिवाळा बर्फाखाली काढतात आणि वसंतात पुन्हा उभी राहतात. आमच्या कोकणात जिथे भात होत नाही त्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी होते. उत्तर युरोपात रायची जागा तीच. जर्मनीकडून आलेल्या शेतकऱ्यांनी हे धान्य पेनसिल्व्हेनियात रुजवलं आणि त्याची दारू गाळायला सुरुवात केली. गाळणाऱ्याला मात्र राय सुखासुखी वश होत नाही. पाण्यात शिजवली की तिचा चिकट लगदा होतो, आंबताना तो फेसाळून भांड्याबाहेर येतो. मक्यासारखी ती गोड बोलत नाही. तिच्यात तिखटपणा आहे, गवताचा हिरवा वास आहे, जिभेच्या कडांना बोचणारं काहीतरी आहे. ज्यांना ती आवडते त्यांना ती या बोचण्यासाठीच आवडते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या शेतकऱ्याला दारू गाळणं हिशेबाने परवडत होतं. डोंगर ओलांडून पूर्वेच्या बाजारात धान्य न्यायचं तर एका घोड्यावर चार बुशेल चढत. तेच धान्य गाळून पिंपात भरलं तर चोवीस बुशेलांचा ऐवज एका घोड्यावर जाई. रोकड नाण्यांची चणचण होती, त्यामुळे व्हिस्की देऊन मजुरी भागे, उधारी फिटे. १७९१ मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी या दारूवर कर बसवला. त्यात मोठ्या भट्टीवाल्यांना गॅलनमागे कमी पडे आणि लहान शेतकऱ्याला जास्त. शेतकरी बिथरले. जुलै १७९४ मध्ये कर-अधिकारी जॉन नेव्हिल यांचं बोवर हिल इथलं घर जमावाने जाळलं. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुमारे तेरा हजारांची फौज जमवली, आणि ती येईपर्यंत बंड विरून गेलं होतं. देशद्रोहासाठी दोघे दोषी ठरले, त्यांना वॉशिंग्टननी माफी दिली.

त्यानंतर तीन वर्षांनी, पद सोडल्यावर, वॉशिंग्टन स्वतःच राय गाळू लागले. माउंट व्हर्ननच्या त्यांच्या जमिनीचा कारभार पाहणारे जेम्स अँडरसन हे स्कॉटलंडचे. कल्पना त्यांची. १७९९ मध्ये तिथे जवळपास अकरा हजार गॅलन व्हिस्की निघाली. साठ टक्के राय, पस्तीस टक्के मका, पाच टक्के मोड आणलेलं जव, असं तिचं प्रमाण होतं. भट्टीवर राबत होते हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमथी हे सहा गुलाम. या व्हिस्कीबद्दल मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की ती पाण्यासारखी स्वच्छ होती. भट्टीतून निघाली की पिंपात भरून थेट विकली जाई, लाकडात मुरवण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळी राय चाखणं म्हणजे दाणाच चाखणं होतं. लाकूड नंतर आलं, आणि हळूहळू त्याने सगळा मान स्वतःकडे घेतला.

आज अमेरिकी कायद्याने राय व्हिस्कीत किमान ५१ टक्के राय असावी लागते. ती ओकच्या नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपातच ठेवावी लागते, आणि पिंपात जाताना तिच्यात ६२.५ टक्क्यांहून जास्त मद्यार्क चालत नाही. 'स्ट्रेट' म्हणवून घ्यायचं तर किमान दोन वर्षं. सगळी गोम त्या 'नव्या' पिंपात आहे. स्कॉटलंडमध्ये बहुतेक पिंपं आधी एकदा बर्बनसाठी किंवा शेरीसाठी वापरलेली असतात. त्यांच्यातला जोर ओसरलेला असतो, म्हणून तिथली व्हिस्की अठरा काय, पंचवीस वर्षंही सुखाने पडून राहते. कॅनडातही जुनी पिंपं चालतात. नवं जाळलेलं लाकूड मात्र झपाट्याने काम करतं. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास येतो, हेमिसेल्युलोजच्या जळलेल्या साखरेतून कॅरॅमलचा, लॅक्टोनमधून ओल्या नारळाचा. पहिली काही वर्षं हे सगळं दाण्याच्या तिखटपणाला गोलाई देतं. पुढे टॅनिन साचत जातं, आणि टॅनिन तोंड कोरडं करतं. उन्हाळ्यात द्रव फुगून लाकडात शिरतो, थंडीत मागे सरतो. या प्रत्येक फेरीत लाकडाचं काहीतरी दारूत उतरतं आणि दाण्याचं काहीतरी झाकलं जातं.

शिवाय दर वर्षी तीन ते पाच टक्के दारू पिंपाच्या रंध्रांतून हवेत उडून जाते. पंधरा वर्षांत पिंप निम्म्याच्या आसपास रिकामं होतं. जुन्या बाटलीच्या किमतीतला मोठा वाटा या उडून गेलेल्या दारूचा असतो. तो प्यायला कोणालाच मिळत नाही, तरी मोजावा मात्र लागतो.

माझे काका मागच्या उन्हाळ्यात इकडे आले होते. राजापूरच्या बाजूला त्यांची लाकडाची वखार होती, आता ती चुलतभाऊ पाहतो. काका संध्याकाळी सोडा घालून एखादा पेग घेणारे, आणि तोही आपल्याकडच्या व्हिस्कीचा, जिच्यात बऱ्याचदा मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. त्यांच्या खिशात महाराष्ट्र सरकारचा मद्यपरवाना असतो. आरोग्य राखण्यासाठी हा परवाना दिला आहे, असं त्यावर छापलेलं आहे, आणि काका तो वाक्यासकट अभिमानाने दाखवतात. मी त्यांना म्हटलं, "काका, तुमच्या परवान्याचे भाऊबंद इथेही होते." १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळे. पिट्सबर्गच्या आग्नेयेला वेस्ट ओव्हरटन नावाचं गाव आहे. तिथल्या एब्राहम ओव्हरहोल्ट यांच्या घराण्याच्या 'ओल्ड ओव्हरहोल्ट' रायला असा औषधी विक्रीचा परवाना होता. दारूबंदी अमलात आणणारं खातं ज्यांच्या हाताखाली होतं ते अर्थमंत्री अँड्र्यू मेलन, आणि या कंपनीत काही काळ त्यांचीच भागीदारी होती. हे ऐकून काका इतके खूश झाले की बाकी इतिहास त्यांना नकोच होता.

त्यांच्यासमोर मी दोन ग्लास ठेवले. कोणत्यात काय हे सांगितलं नाही. एकात रिटनहाउस होती. बॉण्डेड, म्हणजे १८९७ च्या कायद्याप्रमाणे एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीतल्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्के मद्यार्काची. नाव फिलाडेल्फियाचं, बनते केंटकीत, आणि महागड्या बाटल्यांच्या रांगेत तिला कोणी विचारत नाही. दुसऱ्यात पंधरा वर्षांची राय होती, एका मित्राने दिलेली, जिचं खोकंसुद्धा टाकून द्यायला जीव धजत नाही अशी.

काकांनी पहिला ग्लास हुंगला, घोट घेतला आणि "हं, झणका आहे," म्हणाले. दुसरा ग्लास त्यांनी बराच वेळ नाकाशी धरला. वखारीत फळीचा वास घेऊन ती कोणत्या झाडाची, ओली की वाळलेली, हे सांगणारं ते नाक. मग म्हणाले, "अरे, हे लाकूड आहे. चांगलं वाळवलेलं, गाभ्याचं. माल उत्तम. पण तू मघापासून त्या धान्याची एवढी कथा सांगतोयस, ते कुठे आहे यात?"

"थांबा जरा, काका. थोडं पाणी घालू या."

"पाणी घातल्यावर धान्य उगवतं होय?"

तसं ते उगवतंच. व्हिस्कीत पाण्याचे थेंब टाकल्यावर वास का खुलतो याचा अभ्यास २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर केला. त्यांनी ग्वायकॉल नावाचा एक वासाचा रेणू घेतला. मद्यार्क जास्त असताना तो मद्यार्काच्या रेणूंत वेढलेला राहतो आणि द्रवात खोल दडतो. पाणी वाढलं की तो पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे आपल्या नाकाजवळ. सोड्याने मात्र हे साधत नाही. सोडा व्हिस्की झाकण्यासाठी असतो, चार थेंब पाणी ती उघडण्यासाठी.

मी स्वतः चाखतो ते असं: वर निमुळता होत गेलेला ग्लास घ्यावा, त्यात बोटभरही नको, थोडीशीच व्हिस्की ओतावी आणि तशीच काही वेळ राहू द्यावी. नाक ग्लासात खुपसू नये, तोंड किंचित उघडं ठेवून कडेशी हुंगावं. मग मद्यार्काचा भपका नाकाला मारत नाही. पहिला घोट जिभेला जागं करण्यापुरता, मत बनवायचं ते दुसऱ्या घोटावर. आणि गिळल्यानंतर नाकातून श्वास सोडला की जे परत येतं, ते ऐकावं. व्हिस्की आपलं खरं म्हणणं बहुधा तेव्हाच सांगते.

त्या संध्याकाळी रिटनहाउसने आपलं म्हणणं पहिल्याच घोटात सांगून टाकलं. मिरी, दालचिनी, संत्र्याची साल, मागे थोडा कोको. लाकूड होतं, पण दाण्याच्या मागे दोन पावलं उभं. पंधरा वर्षांची व्हिस्की रंगाने गडद, चहाच्या काढ्याकडे झुकलेली. आधी आला व्हॅनिला, मग सुकं अंजीर, मग जायफळ, आणि मग जुन्या कपाटाचं दार उघडल्यासारखं ओकचं लाकूड. घोट घशाखाली उतरल्यावर चव खूप वेळ रेंगाळली, पण ती रेंगाळताना हिरड्या कोरड्या झाल्या. पाणी घालून अर्धा तास गेला तेव्हा पडद्याआडून शेपू आली, पुदिना आला, लवंग आली. दाणा मेलेला नव्हता, पण त्याला वर यायला पाणी आणि वेळ द्यावा लागला. काकांनी शेपूचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं. "एवढे पैसे देऊन शेपू?" म्हणाले, आणि ग्लास मात्र रिकामा केला.

रायमध्ये शेपू सापडणं काही वावगं नाही, चाखणाऱ्यांना ती नेहमी सापडते. इथली पुस्तकं वाचली तर रायच्या वासात शहाजिऱ्याचाही उल्लेख असतो. गंमत अशी की इथल्या रायच्या पावात शहाजिरं घालायची रीत आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो पाव खाऊन अमेरिकी नाकाने शहाजिऱ्यालाच रायचा वास मानून टाकलं आहे. म्हणजे चाखण्याच्या वहीत जे लिहिलं जातं त्यात अर्धी व्हिस्की असते आणि अर्धं लिहिणाऱ्याचं स्वयंपाकघर. म्हणून दुसऱ्याची वर्णनं पाठ करून आपल्या तोंडात ती शोधत बसणं मला पटत नाही. मला सुंठ लागली तर मी सुंठ लिहितो, ओवा लागला तर ओवा. शंभरापैकी गुण देण्याच्या पद्धतीवरही माझा विश्वास नाही. त्र्याण्णव आणि चौऱ्याण्णवमध्ये जो एक गुण असतो तो बाटलीत कधीच सापडत नाही. मी वहीत एकच प्रश्न लिहितो: दाणा अजून बोलतोय का? बाकीचं सगळं, रंग, गोडवा, लांबी, दाट पोत, या प्रश्नाच्या उत्तरानंतर.

जुन्या रायचा मोह लोकांना का पडतो हे मात्र मला समजतं. दारूबंदी उठल्यावर राय पुन्हा नीट उभी राहिलीच नाही. लोकांची जीभ गोड बर्बनकडे आणि कॅनडाच्या हलक्या व्हिस्कीकडे वळली. मोनोंगहेलाच्या काठच्या भट्ट्या एकेक करून विझल्या, ओल्ड ओव्हरहोल्टसुद्धा केंटकीला गेली. या शतकात मॅनहॅटन आणि सॅझरॅकसारखी जुनी कॉकटेल पुन्हा रुळली आणि लोक राय मागू लागले, तेव्हा गोदामात जुना साठा होता कुठे? व्हरमाँटमधली व्हिसलपिग ही कंपनी सुरू करणारे राज भक्त, ज्यांचे वडील भारतीय, आणि त्यांचे जाणते डिस्टिलर डेव्ह पिकरेल यांनी आपली पहिली दहा वर्षांची राय कॅनडातून आणून बाटलीत भरली. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गची, ९५ टक्के राय असलेली व्हिस्की तर कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. माल थोडा आणि मागणारे फार, त्यामुळे वयाचा आकडा हाच दागिना झाला.

आमच्या पेनसिल्व्हेनियात तर दुर्मीळ बाटली मिळवायला नशीब लागतं. इथे व्हिस्कीची दुकानं राज्य सरकार चालवतं. दारूबंदी उठली तेव्हाचे गव्हर्नर गिफर्ड पिंचो स्वतः दारूविरोधी होते. बंदी गेली तरी दारू मिळणं जिकिरीचं आणि महाग राहावं, या हेतूने त्यांनी ही व्यवस्था आणली. आज त्याच सरकारी दुकानांतून दुर्मीळ बाटल्यांसाठी सोडत निघते आणि लोक नावं नोंदवतात. सोडतीत लागलेली बाटली कोणी वाईट म्हणत नाही. जी गोष्ट नशिबाने मिळाली तिची चव घ्यायला जीभ मोकळी राहतच नाही.

आणि वर्षं तरी सगळीकडे सारखी कुठे असतात? बंगळुरूच्या हवेत पिंपातून दर वर्षी दहा टक्क्यांच्या आसपास द्रव उडतो, स्कॉटलंडमध्ये दोन टक्के. म्हणून बंगळुरूची अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन पाच-सहा वर्षांत जे गाठते, त्याला स्कॉटलंडात कितीतरी जास्त काळ लागतो. केंटकीच्या गोदामातसुद्धा वरच्या, तापलेल्या मजल्यावरचं पिंप आणि खालच्या थंड मजल्यावरचं पिंप एकाच दिवशी भरलेली असली तरी वेगळ्या वेगाने म्हातारी होतात. बाटलीवर मात्र दोन्हींना एकच आकडा.

मला आशा वाटते ती दुसऱ्याच दिशेने. काही व्हिस्कीवाले आता लाकडाकडून पुन्हा दाण्याकडे वळू लागले आहेत. रोझेन नावाचं रायचं एक वाण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं बियाणं रशियातून मिशिगनला आलं आणि पुढे पेनसिल्व्हेनियाच्या भट्ट्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. रायचं परागीभवन वाऱ्याने होतं, त्यामुळे शेजारच्या शेतात दुसरं वाण असलं की दोन्हींची भेसळ होते आणि बियाणं बिघडतं. त्यासाठी मिशिगन सरोवरातल्या साउथ मॅनिटू या बेटावर रोझेन वेगळी पिकवली जात असे. आज मॅमथ डिस्टिलिंग ही कंपनी त्याच बेटावर पुन्हा रोझेन पेरते आहे. पिंपाच्या कोळशाची जाडी मोजण्यात इतकी वर्षं गेल्यावर कोणीतरी शेतात जाऊन कणीस पाहतं आहे, हे मला कोणत्याही अठरा वर्षांच्या बाटलीपेक्षा मोलाचं वाटतं.

तेव्हा माझा निकाल असा. सहा ते दहा वर्षांची, ५० टक्क्यांच्या आसपास मद्यार्काची राय सर्वांत भरवशाची. त्या वयात लाकडाने दाण्याला गोलाई दिलेली असते आणि दाण्याने आपला तिखटपणा सोडलेला नसतो. पंधरा-अठरा वर्षांची बाटली कोणी प्रेमाने पाजली तर जरूर प्या, तिच्यातली खोली लहान वयाच्या व्हिस्कीला येत नाही. पण स्वतःच्या खिशातून घेणार असाल तर आधी एक पेग चाखा, शेजारी चार वर्षांची बॉण्डेड राय ठेवा आणि कोणता ग्लास कशाचा हे दुसऱ्याला लपवायला सांगा. दोन्हींत दाणा सापडला तर खुशाल पैसे मोजा. महागड्या ग्लासात तो सापडला नाही, तर तुम्ही फक्त लाकडाचे पैसे देणार आहात, आणि लाकूड वखारीत स्वस्त मिळतं.